चौदा सिलिंडर आणि एक कागदी पट्टी : लेथवरच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या रविवारी माझ्या डकोटा विमानाच्या प्रतिकृतीच्या डाव्या पंखावर इंजिन बसले. 1:24 मापाच्या त्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) विमानात पंखांचा विस्तार 1.2 मीटर आहे आणि इंजिनाचा व्यास जेमतेम 51 मिलिमीटर. पण त्या 51 मिलिमीटरांत आपले सात महिन्यांचे रविवार आहेत. समोर बसून आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेली विमाने डकोटाच होती, आणि पुढच्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी सुमारे 3,500 मीटर उंचीवरच्या लेहला उतरवले तेही डकोटाच. त्या विमानाला तिथवर नेणारे प्रॅट अँड व्हिटनीचे ट्विन वॉस्प इंजिन म्हणजे सात-सात सिलिंडरांच्या दोन रांगा, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (दट्ट्याची धाव) दोन्ही साडेपाच इंच, आणि शक्ती सुमारे 1200 अश्वशक्ती. हे इंजिन आपल्या हाताने घडवावे, असे मी मनाशी धरले होते.

आपल्याकडे लेथ, म्हणजे धातू फिरवून कापण्याचे यंत्र, शिकायला आलो तेव्हा सळईवर तांब्याची तार गुंडाळून केलेला एक सिलिंडर मी मोठ्या उमेदीने पुढे ठेवला. आपण तो भिंगाखाली फिरवून पाहिला आणि म्हणालात, "हे आटे झाले, फिन नव्हेत." तार चढत जाते, तर सिलिंडर थंड ठेवणाऱ्या फिन एकमेकींपासून सुट्या, समांतर चकत्या असतात, हे मी शेकडो छायाचित्रे पाहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. मग हॅकसॉच्या जुन्या पात्याचा तुकडा घासून आपण मला पाव मिलिमीटर जाडीचे हत्यार करायला लावलेत. ॲल्युमिनियमचा कीस खाचेत चिकटून पहिल्याच दिवशी तीन सिलिंडर वाया गेले, तेव्हा आपण काही न बोलता रॉकेलची वाटी आणि एक ब्रश माझ्याजवळ सरकवलात.

खरी अडचण मात्र क्रँककेसवर, म्हणजे ज्याच्याभोवती सिलिंडर बसतात त्या मधल्या गोल भागावर आली. 360 ला सातने भाग जात नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकाने 51.43 अंश मोजत गेलो की सातव्या भोकापाशी सगळी चूक एकत्र होऊन उभी राहायची. आपण वहीच्या कागदाची पट्टी लेथच्या चकभोवती, म्हणजे काम धरून फिरवणाऱ्या गोल जबड्याभोवती, गुंडाळून तिची टोके बरोबर जुळवलीत, ती रेघांच्या पानावर तिरकी ठेवून तिचे चौदा समान भाग करायला सांगितलेत, आणि पट्टी पुन्हा चकवर चिकटवून दिलीत. एकाआड एक खुणांवर पुढची रांग आणि उरलेल्या खुणांवर मागची, म्हणजे पुढच्या दोन सिलिंडरांमधल्या फटीतून मागच्याला वारा मिळावा म्हणून खऱ्या इंजिनात ठेवलेली अर्ध्या घराची सरक आपोआप साधली. चक मोठा आणि क्रँककेस लहान, त्यामुळे खूण करताना हात केसभर हलला तरी भोकावर ती चूक कितीतरी लहान होऊन उतरते, हे आपण समजावलेत, तेव्हा मला शाळेतली भूमिती पहिल्यांदा हाताला लागली.

या सगळ्यात आपण एकही भाग स्वतः कापून दिला नाहीत. चाळीस वर्षे टर्नरचे काम केलेल्या माणसाला माझे चाचपडणे बघत हात मागे बांधून उभे राहणे किती जड गेले असेल, याची कल्पना मला आता येते. काऊल (इंजिनावरचे गोल आवरण) चढवल्यावर मागची रांग जवळजवळ दिसत नाही, तेव्हा तिथे कमी फिन चालतील का, असे मी विचारले होते, आपण फक्त "तुम्हाला चालेल का?" एवढेच म्हणालात. मागच्या सातही सिलिंडरांवर पुढच्याइतक्याच फिन आहेत. अठ्ठावीस स्पार्क प्लगांच्या तारा मी बंद पडलेल्या चार्जरच्या गुंडाळीतून काढल्या, त्यांना फारसा वेळ लागला नाही.

डकोटाला इंजिने दोन असतात. उजव्या बाजूच्या इंजिनासाठी 8 मिलिमीटरची सळई आणली आहे आणि ती कागदी पट्टी वहीत जपून ठेवली आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला आलो तर चालेल का, ते कळवावे.

आपला कृतज्ञ,
रविवारचा विद्यार्थी