चार्ट देऊन भागत नाही, ताईंना सराव द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर आला की पोषण महिना येतो, रांगोळ्या, पाककृती स्पर्धा, फोटो सगळं यथासांग होतं, पण आठवी-नववीच्या पोरांसमोर उभं राहून आहारावर बोलायचं ज्यांना असतं त्या, गावात आरोग्य-पोषणाचं काम करणाऱ्या ताईंचं काय?

मी मालवण तालुक्यात हायस्कूलला शिकवते. आमच्याकडे एक ताई आठवड्याला एक घ्यायच्या लोहाच्या निळ्या गोळीबद्दल सांगायला आल्या होत्या. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "गोळी खाल्ल्यार मळमळता, मगे कित्याक खावची?" ताई गप्पच झाल्या आणि चार्ट वाचायला लागल्या. तासानंतर स्टाफरूममध्ये त्याच मला म्हणाल्या, उपाशीपोटी घ्यायची नाही, जेवल्यावर घ्यायची, त्यावर लगेच चहा नको, शी काळी झाली तरी घाबरायचं नाही. म्हणजे माहिती सगळी होती हो, पण भर वर्गात तोंडातून शब्द फुटला नाही.

आणि ट्रेनिंग म्हणजे काय तर पीपीटी, जेवण, सही आणि घरी. तिथेच प्रत्येकीला दहा मिनिटं शिकवायला लावा ना, बाकीच्यांनी पोरं होऊन आडवेतिडवे प्रश्न विचारायचे. सुरुवातीचे दोन-तीन तास उपकेंद्रातल्या सिस्टरना सोबत पाठवा. "आत्ता माहीत नाही, विचारून सांगते" असं म्हटलं तर चालतं हे साहेबांनीच एकदा सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे, निम्मी भीती तिथेच जाईल. पाळीचा विषय निघाला की मुलगे खिदळतात, तेव्हा काय करायचं हेही कोणी शिकवत नाही. मुलग्यांना बाहेर काढणं हा उपाय नव्हे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना ॲनिमिया निघाला तसा ३१.१ टक्के मुलग्यांनाही निघालाय, आणि ती आठवड्याची गोळी दोघांसाठीही आहे.

अजून एक, चार्टवर सफरचंद कशाला? नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, सुकट यावर बोलायला सांगितलं तर याच ताई तासभर न थांबता बोलतील, कारण ते त्या रोज रांधतात. (नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे पोरांना सांगून बघा, डोळे मोठे करतात.)

यंदाच्या पोषण महिन्यात एक स्पर्धा कमी घ्या आणि तो दिवस या सरावाला द्या, आणि हो, ताईंचं एसटीचं भाडं त्याच दिवशी हातात द्या.

– एक शिक्षिका, मालवण तालुका