'ग्रुपमध्ये चर्चा करा' म्हटलं की चर्चा होत नाही

मा. संपादक,

ऑनलाइन क्लासमध्ये मुलं एकमेकांशी बोलतच नाहीत अशी तक्रार सारखी कानावर येते आणि खापर मुलांवरच फुटतं. मी स्वतः ऑनलाइन शिकवते, आणि मला वाटतं चुकतं ते आपलं, आपण काम देतो तिथेच.

मी एकदा आठ जणांना ब्रेकआउट रूममध्ये (ऑनलाइन क्लासमधून काढलेल्या छोट्या वेगळ्या खोलीत) टाकलं, मलेरियावर सगळ्यांनी मिळून एका गूगल डॉकमध्ये लिहा म्हटलं. डोकावले तर सगळे कॅमेरे बंद, सगळे म्यूट, आणि नंतर व्हर्जन हिस्टरी, म्हणजे कुणी काय लिहिलं ते ज्याच्या-त्याच्या रंगात दाखवणारी नोंद, उघडली तर वरपासून खालपर्यंत एकाच मुलीचा रंग, बाकीच्यांनी फक्त आपापली नावं टाकलेली. फार वाईट वाटलं, कारण ती एका शब्दाने बोलली नव्हती.

तसा हा दोष जुनाच. रिंगेलमान या फ्रेंच इंजिनिअरने माणसांना दोरी ओढायला लावून मोजलं होतं (१९१३ मध्ये ते छापून आलं), माणसं वाढली की एकेकाचा जोर कमी होतो. ऑनलाइन तर दोरी कोण ओढतंय हेच दिसत नाही.

१९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी, मेक्सिकन मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले, एकेकाला एकच तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईचना. यालाच जिगसॉ म्हणतात.

आता मी तेच करते. चौघांचा ग्रुप, एकाकडे डास, एकाकडे परजीवी, एकाकडे लक्षणं आणि औषधं, एकाकडे प्रतिबंध. आधी सगळ्या ग्रुपमधले परजीवीवाले एका रूममध्ये बसून आपला भाग पक्का करतात, मग आपापल्या ग्रुपमध्ये जाऊन शिकवतात. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "अरे पण डास चावल्यावर लगेच ताप का नाही येत?" आणि कधीच माइक चालू न करणारा मुलगा सांगायला लागला, की परजीवी आधी लिव्हरमध्ये जातो, तिथे वाढतो, मग रक्तात उतरतो. त्याच्याशिवाय ते कुणाकडेच नव्हतं ना! ग्रुप मी महिनाभर तोच ठेवते, अनोळखी लोकांपुढे 'मला नाही कळलं' म्हणायला जीभ रेटत नाही.

मी वापरते त्या प्लॅटफॉर्मवर हजेरी आपोआप लागते, क्विझचे मार्क आपोआप येतात, पण एकाच ग्रुपमधल्या चौघांना चार वेगळे कागद द्यायची सोय नाही, एकेकाला पाठवत बसावं लागतं. असे प्लॅटफॉर्म बनवणाऱ्यांनी आणि शाळांसाठी ते निवडणाऱ्यांनी निदान एवढी सोय तरी बघावी, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका