पार्किंगमधून आईला फोन लावणाऱ्या मुलाला

प्रिय एल्डर,

हे पत्र मराठीत आहे आणि तुला ते वाचता येणार नाही हे मला माहीत आहे, पण आई म्हणाली की त्या लेकराचे आभार आपल्या भाषेत मान, इंग्रजीत नुसतं थँक्यू होतं आणि संपतं. म्हणून आधी इथं लिहितेय, आपल्या लोकांनीही वाचावं म्हणून. मग इंग्रजीत करून तुझ्यापर्यंत कसंही करून पोचवीन.

गेल्या बुधवारी तुमच्या चर्चमधल्या इंग्रजीच्या क्लासला आलो तर तुझ्या जागी दुसराच मुलगा उभा. तसाच पांढरा शर्ट, तसाच टाय, छातीवर तसाच काळा बिल्ला, पण तू नाही. म्हणाला ट्रान्सफर झाली. तुमच्याकडं, म्हणजे तुमच्या चर्चच्या मिशनऱ्यांत (मुलांना एल्डर म्हणतात, मुलींना सिस्टर), दर 6 आठवड्यांनी बदल्यांची यादी येते आणि नाव निघालं की दोन बॅगा उचलून निघायचं, हे तूच एकदा सांगितलं होतंस, पण ते तुझ्याही बाबतीत होईल असं आईच्या मनातच आलं नव्हतं. वही छातीशी धरून दारात उभी राहिली आणि मला मराठीत विचारते, "जेवून तरी गेला असेल ना गं?" मला तिथंच रडू आलं आणि ते अजून पूर्ण थांबलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आम्ही रॉचेस्टरला राहतो, न्यूयॉर्क राज्यात, पण न्यूयॉर्क शहरापासून खूप लांब, वर ऑन्टॅरिओ लेकच्या काठाला. हिवाळ्यात त्या लेकवरून बर्फ येतो तो दिवसदिवस थांबत नाही. आई ऑक्टोबरमध्ये कराडहून आली, माझ्या बाळंतपणाला. नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली, डिसेंबरमध्ये सासरे गेले म्हणून नवरा तातडीनं भारतात गेला आणि व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख मिळेना म्हणून तिकडंच अडकला. माझी रजा संपली. म्हणजे दिवसभर घरात आई आणि दोन-अडीच महिन्यांचं बाळ, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आईला इंग्रजी म्हणजे येस, नो, थँक्यू.

आपल्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की. सगळे ओळखीचे, ज्यांच्याकडं मी दोन-दोन दिवाळ्यांचा फराळ करून पाठवला ते. मी लिहिलं की दुपारी कुणीतरी पाच मिनिटं आईकडं डोकावून जाल का, खूप धीर येईल तिला. हात जोडलेले इमोजी आले, अंगठे आले, "काही लागलं तर नि:संकोच सांगा" असंही आलं. अहो, सांगितलंच होतं ना मी! आलं कुणीच नाही. आणि एका डॉक्टरांच्या ऑफिसात आईनं बीपीच्या गोळ्यांसाठी स्वतः फोन केला, सकाळभर वाक्य पाठ करून, तर पलीकडच्या बाईनं दोनदा मध्येच फोन ठेवून दिला. दोनदा. त्या दिवसापासून आईनं फोनला हात लावायचं सोडलं, वाजला तरी लांबून नुसती बघत बसायची. मी ऑफिसात बसून एकच विचार करायचे, बाळाला काही झालं तर ही 911 ला, इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, सांगणार काय.

तू आणि तुझा जोडीदार, तुम्ही दोघं तेव्हा आमच्या गल्लीत समोरच्या म्हाताऱ्या आजोबांचा बर्फ काढत होता. खरं सांगते, त्याआधी दोनदा तुम्ही आमची बेल वाजवली होती आणि मी पडद्याआडून बिल्ले बघून दार उघडलंच नव्हतं. मॉर्मन आहेत, त्या अमेरिकन ख्रिस्ती पंथाचे, धर्म बदलायला आलेत, झालं. (मॉर्मन म्हटलेलं तुम्हाला फारसं आवडत नाही, 2018 पासून तुमच्या चर्चनं पूर्ण नावच वापरा असं सांगितलंय, द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, हे तू किती हळू आणि मला वाईट वाटू नये अशा बेतानं सांगितलं होतंस.) त्या दिवशी आजोबांचं झाल्यावर तुम्ही फावडी घेऊन सरळ आमच्या दारात आलात आणि न विचारता सुरू. अर्ध्या तासात गाडीपर्यंत वाट मोकळी. आईनं दार उघडलं आणि आत या म्हणून खुणा केल्या तर तुम्ही पायरीवरच थांबलात. घरात फक्त बायका असतील तर आत यायचं नाही हा तुमचा नियम. आईला ते पटलं, एकदम पटलं, म्हणाली वळण आहे पोरांना.

मग चहा. आईनं आलं घालून केलेला चहा तुम्ही हात जोडून नको म्हणालात आणि आईचं तोंड उतरलं, आपल्याकडं दारी आलेल्यानं चहा नाकारणं म्हणजे काय ते तुला कसं कळणार. मी संध्याकाळी घरी आल्यावर वाचून काढलं की तुमच्यात चहा-कॉफी, दारू, तंबाखू काहीच चालत नाही. आई म्हणाली मग गवती चहा तर चालेल, त्यात चहाची पत्ती कुठाय. पुढच्या वेळी कराडहून आणलेली वाळकी पात उकळून, गूळ घालून दोन स्टीलचे पेले पायरीवर आणून ठेवले. तू आधी विचारलंस यात नक्की काय आहे, मी फोनवरून समजावलं, आणि मग दोन्ही हातांनी पेला धरून प्यायलास. पेला इतका तापला होता की टायचं टोक मध्ये धरलं होतंस. हे आई अजून सगळ्यांना करून दाखवते.

त्याच पायरीवर तू सांगितलंस की बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये इंग्रजीचा फुकट क्लास असतो, आईंना आणा.

मी आधी नाहीच म्हणणार होते. पण आले, बाळाला घेऊन मागच्या बाकावर बसले आणि बघत राहिले. तुम्ही चौघं शिकवायचा, दोन मुलगे, दोन मुली. कुणी नेपाळचं होतं, कुणी क्युबाचं, आणि आमची आई. तू 19 वर्षांचा. आपल्याकडं त्या वयाच्या पोराला सकाळी उठवताना घर डोक्यावर घ्यावं लागतं आणि तू साडेसहाला उठून, अभ्यास करून, दिवसभर बर्फात दारं वाजवत फिरून, बहुतेक दारं तोंडावर बंद झाल्यावर, संध्याकाळी पुन्हा हसत फळ्यासमोर उभा. ही सेवा मुलांना 2 वर्षं, मुलींना दीड वर्षं, आणि पगार तर नाहीच, उलट खर्च स्वतःचा नाहीतर घरच्यांचा. तू शाळेत असल्यापासून शेतावर काम करून त्यासाठी पैसे साठवलेस हे ऐकल्यावर आई मला म्हणाली, "याच्या आईनं कसं सोडलं असेल गं एवढं लांब?"

आता ती गोष्ट. बाकी सगळं विसरलं तरी ही विसरणार नाही.

तिसरा की चौथा क्लास असेल. विषय होता फोनवर बोलणं. आईची पाळी आली आणि तिनं मान हलवली, नाही म्हणजे नाही, डोळ्यांत पाणी. मी मागून उठून त्या डॉक्टरच्या ऑफिसचं सगळं सांगितलं. तू काही बोलला नाहीस. बिच्चाऱ्या, सॉरी, असलं काहीही नाही. आईचा नंबर माझ्याकडून घेतलास, जोडीदाराला खूण केलीस, आणि दोघं कोट न घालताच बाहेर गेलात, एकट्यानं कुठं जायचं नाही म्हणून तोही बिचारा तुझ्यामागं. खिडकीतून दिसत होतं, पार्किंगमध्ये दिव्याच्या खांबाखाली, पाठ आमच्याकडं. आईचा फोन वाजला. सगळा वर्ग गप्प. शिकवणाऱ्या दोघींपैकी एका सिस्टरनं नुसता आईच्या पाठीवर हात ठेवला. आईनं उचलला. तू फार्मसीतला माणूस झाला होतास. आई अडखळली आणि तिनंच घाबरून फोन ठेवला.

तू परत लावलास. ती परत अडखळली. परत लावलास.

पाच वेळा, एल्डर. बाहेर उणे किती होतं देव जाणे, आणि तू अंगात शर्ट घालून पाठमोरा उभा, कारण तोंड दिसलं की आई ओठांवरून ओळखते आणि खऱ्या फोनवर ओठ दिसत नाहीत, हे तुझं तुलाच सुचलं होतं. मी नंतर विचारलं तर म्हणालास आम्ही रोज सकाळी जोडीदाराबरोबर असंच करतो, एकानं दार उघडणारा घरमालक व्हायचं, दुसऱ्यानं शिकवायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या वेळी आईनं म्हटलं, "प्लीज स्पीक स्लोली, आय अ‍ॅम लर्निंग." आणि मग नाव, जन्मतारीख, गोळीचं नाव, सगळं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. तू आत आलास तेव्हा कान लालभडक झाले होते आणि आईनं स्वतःची शाल काढून तुझ्या जोडीदाराच्या हातात दिली, तुझ्या खांद्यावर घाल म्हणून, कारण तोपर्यंत तिला तुमचे नियम पाठ झाले होते.

पुढच्या सोमवारी तिनं खऱ्या फार्मसीला फोन केला. मी ऑफिसात होते, मला नंतर कळलं. गोळ्या आल्या.

डॉक्टरांच्या ऑफिसातल्या त्या बाईला फोन ठेवायला एक सेकंद लागला होता. तुला पाच वेळा तो लावावासा वाटला. माझ्या आईकडून तुला मिळणार काय होतं? तिनं तर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की आमचा पांडुरंग आहे, आम्हाला दुसरं काही नको. मीच त्याचं इंग्रजी करून सांगितलं तेव्हा वाटलं आता क्लास बंद. तू विचारलंस पांडुरंग कोण, आणि विटेवर का उभा आहे ते सगळं ऐकून घेतलंस. आईवडिलांची सेवा चाललीय म्हणून देवाला थांबायला सांगितलं, हे तुला फार आवडलं, दोनदा विचारलंस. पुढच्या बुधवारी तू शोधून आलास की तुमच्यातला ह्यू फिंडले नावाचा मिशनरी 1852 मध्ये मुंबईत उतरला होता आणि पुण्यातही राहिला होता. आईला विचारलंस, पुणं तुमच्या गावापासून किती लांब? तेवढ्यावर ती आठवडाभर खूष होती.

तुमचा धर्म मला पटलेला नाही, पटेल असंही वाटत नाही, आणि हे तुला तोंडावर सांगितलं तरी तू तसाच हसशील. पण गेल्या रविवारी आईला घेऊन पाल्मायराला गेले, तासाभराच्या आतलं अंतर आहे. 1820 मध्ये तुमच्या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी जिथं प्रार्थना केली म्हणतात ती राई बघितली, 1830 मध्ये तुमचं धर्मपुस्तक, बुक ऑफ मॉर्मन, जिथं छापलं ते गावातलं छापखान्याचं घर बघितलं. झाडांना अजून पानं नव्हती, वाटेवर चिखल होता. आईनं राईच्या तोंडाशी चपला काढायला घेतल्या, मी थंडी आहे म्हणून अडवलं. मग तिनं उभ्यानंच हात जोडले आणि म्हणाली, "त्या पोराचं देहू हे. त्याला सुखी ठेव म्हटलं."

आईचं 20 तारखेचं तिकीट आहे. तिचा व्हिसा संपतोय, तुझी अजून 7 महिन्यांची सेवा बाकी आहे, भेट होईल असं दिसत नाही. शाल तू परत केलीस ते बरं केलंस, नाहीतर ती तिकडं थंडीत काय पांघरणार होती, पण ती म्हणते ठेवून घ्यायला हवी होतीस. वही ती बरोबर नेतेय. त्यात शेवटच्या पानावर तुझ्या अक्षरात ते वाक्य आहे, प्लीज स्पीक स्लोली, आणि खाली तिनं देवनागरीत लिहून ठेवलंय.

सोमवार तुमचा सुट्टीचा, तेव्हाच घरी फोन करता ना? पूर्वीच्या मुलांना आईशी वर्षातून दोनदाच बोलता यायचं, 2019 पासून दर आठवड्याला चालतं, असं सांगताना तुझा चेहरा कसा झाला होता ते आईनं बघितलंय. तर या सोमवारी फोन लागला की तुझ्या आईला आमच्या आईचा नमस्कार सांग. आणि कोट घालून बाहेर जात जा.

तुझी,
मागच्या बाकावरची, बाळ घेऊन बसायची ती ताई