सदस्यत्व मिळाले, आता ते भोसरीपर्यंत येऊ द्या

मा. केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात एकतीस वर्षे पॉलिटेक्निकच्या मुलांना यंत्र अभियांत्रिकी शिकवली. माझे गाव नारायणगावजवळ. खोडदच्या शिवारात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश उभ्या राहत होत्या, तेव्हा सुट्टीत गावी गेलो की मी त्या बघायला जायचो. एकेका डिशचा व्यास ४५ मीटर, अशा एकूण ३०. पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही, दोरांवर ताणलेल्या बारीक पोलादी तारांच्या जाळीचा. त्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी राहते आणि खर्चही आटोक्यात येतो. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांची ही रचना मी पुढे कितीतरी वर्षे वर्गात फळ्यावर काढून दाखवली.

त्याच दुर्बिणीच्या अनुभवावर आज आपला देश स्क्वेअर किलोमीटर ॲरे या अनेक देशांनी मिळून उभारायच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पात मानाने बसला आहे. २०२३ च्या अखेरीस सरकारने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आणि २०२४ मध्ये भारत त्या संघटनेचा सदस्य झाला. डिश दक्षिण आफ्रिकेत, लाखाहून अधिक अँटेना ऑस्ट्रेलियात आणि मुख्यालय इंग्लंडमध्ये. पण या अवाढव्य दुर्बिणीच्या नियंत्रण सॉफ्टवेअरच्या कामात पुढाकार आहे तो पुण्यात गणेशखिंडीतल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या राष्ट्रीय केंद्राचा. या निर्णयाबद्दल मी आपल्या सरकारचे मनापासून आभार मानतो.

आता जे सलते आहे ते लिहितो.

अशा संघटनेचा सदस्य होणे म्हणजे नुसती वर्गणी भरणे नव्हे. सदस्य देश जेवढा वाटा उचलतो, त्या प्रमाणात बांधणीचे काम त्याच्या उद्योगांना मिळावे, हे या प्रकल्पाचे मान्य तत्त्व आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत भारत जानेवारी २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे. तेव्हापासून भारतीय नागरिकांना तिथल्या मुदतीच्या पदांसाठी अर्ज करता येतो आणि भारतीय कंपन्यांना निविदा भरता येतात. हे दार उघडून इतकी वर्षे झाली, पण ज्यांच्यासाठी उघडले त्यांना त्याचा पत्ताच नाही.

माझी एक माजी विद्यार्थिनी भोसरीत छोटे वर्कशॉप चालवते. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रे), एक लेथ, सहा कामगार. मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, अचूकतेने काम करणारी मुलगी आहे. तिने मला विचारले, "सर, सर्नचं काम आपल्यासारख्यांना मिळतं का?" मी एका कार्यालयात फोन केला, तिथून दुसरीकडे पाठवले, तिसऱ्याने वेबसाइट बघा म्हणून सांगितले. एका निविदेची माहिती हाती आली, तोवर तिची मुदत उलटून गेली होती. तिने काही तक्रार केली नाही, पुन्हा मोटारीच्या सुट्या भागांच्या जॉबवर्कला लागली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

हे काम आपल्याला झेपणार नाही, असे कोणी म्हणू नये. सर्नच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात तीस-तीस टनांहून जड चुंबक ज्या जॅकवर अचूक तोलले आहेत, ते हजारो जॅक भारतात बनले. तेव्हा तर आपण सहयोगी सदस्यही नव्हतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुण्यात, एनसीआरए किंवा आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात, आपल्या खात्याचा एक माणूस बसवा. या संघटनांच्या निविदा आणि नोकरीच्या जाहिराती निघाल्या की त्या त्याने मराठीत सोप्या करून भोसरी-चाकणच्या उद्योजक संघटनांना, आयटीआयला, पॉलिटेक्निकला त्याच आठवड्यात पाठवाव्यात. सहा कामगारांच्या वर्कशॉपला एकट्याने निविदा भरणे जमत नाही, तिथे चार-पाच वर्कशॉप मिळून कशी भरता येईल ते त्याने समजावून सांगावे. डिग्रीवाल्यांइतकीच ही माहिती डिप्लोमावाल्यांनाही मिळावी, हे मी मुद्दाम लिहितो. प्रयोगशाळा उभी राहते ती वेल्डर, फिटर आणि टेक्निशियनच्या हातांवरही.

आणखी एक. जीएमआरटीसाठी खोडद निवडले, कारण तिथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता. तो कमीच राहावा म्हणून आमच्या भागात उद्योगांवर बंधने आली. गावांनी ती दुर्बीण आपली मानून तीस वर्षे सांभाळली. तिथल्या मुलांनी गावात कारखाना मागितला नाही. या जागतिक कामातली एखादी नोकरी, एखादे प्रशिक्षण त्यांच्या वाट्याला यावे, एवढा त्यांचा हक्क मी धरतो.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदला शाळांची रीघ लागते. जुन्नर-आंबेगावची मुले स्वतः केलेले प्रयोग मांडून उभी असतात. आपण यावे, त्यांच्याशी बोलावे. त्या दिवशी पुण्यातल्या या माणसाची नेमणूक जाहीर केलीत, तर माझी विद्यार्थिनी आणि मी पहिल्या रांगेत असू.

आपला नम्र,
एक निवृत्त पॉलिटेक्निक शिक्षक
पुणे