बारनिशीवाल्या काकूंना, आमच्या वसाहतीतर्फे

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

नागपूरला लेकीकडे राहायला जाताना तुम्ही दोन अटी घालून गेलात. सत्कार करायचा नाही आणि नाव कुठेही छापायचं नाही. शाल-श्रीफळाचा ठराव कार्यकारिणीने मुकाट्याने मागे घेतला. या पत्रातही तुमचं नाव नाही. पण उघड पत्र लिहू नका असं काही तुम्ही म्हणाला नव्हता, आणि नियमात जे मना केलेलं नाही ते करता येतं, हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. तेव्हा आता रागावू नका.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. आमची वसाहत जुनी. पुढे बैठी घरं आणि काही बंगले, मध्ये नव्या सोसायट्या, मागे नाल्याच्या अंगाला भाडेकरूंच्या खोल्या. रहिवासी संघ होता, रीतसर नोंदलेलाही होता. सात सभासद जमले की १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, त्यामुळे नोंदणीचं काही अप्रूप नाही. संघ झेंडावंदन करायचा, कोजागिरीला दूध आटवायचा आणि सभेत रस्ता, पाणी, कुत्री, पार्किंग यांवर तावातावाने बोलायचा. काकूंची सगळी नोकरी दुसऱ्या एका शहरातल्या नगरपालिकेच्या बारनिशीत गेली. बारनिशी म्हणजे जिथे तुमचं पत्र घेतात, त्यावर आवक क्रमांक टाकतात आणि पुढे कोणत्या टेबलावर पाठवायचं ते ठरवतात ती खिडकी. हजारो पत्रं त्यांच्या हातावरून गेलेली. कोणतं पत्र चालेल आणि कोणतं कपाटात बसेल हे त्यांना पाकिटावरूनच कळत असावं, अशी माझी खात्री आहे.

काकू, सभेत तुम्ही पहिल्यांदा बोललात ते आजही सगळ्यांना तोंडपाठ आहे. "एका पत्रात एकच विषय." बस, एवढंच बोलून खाली बसलात. आम्ही विचारलं, का? तेव्हा म्हणालात, रस्ता, दिवे, कचरा आणि नाला असे चार विषय एका पत्रात घातले, तर ते पत्र पहिल्या विषयाच्या खात्याकडे जाणार. तिथला कारकून आपल्यापुरतं उत्तर देणार आणि नस्ती, म्हणजे फाइल, बंद करणार. उरलेले तीन विषय मेले. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, खिडकीवर एका पत्राला एकच क्रमांक पडतो, एवढंच. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि कुठल्या माहितीपुस्तिकेतही छापलेलं नाही.

मग बाकीचं आलं. विषयाची ओळ छोटी ठेवा. आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख 'संदर्भ' म्हणून घाला. जागा कळावी म्हणून हाताने काढलेला का होईना, नकाशा जोडा. मागणी शेवटच्या परिच्छेदात, एका वाक्यात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'तत्काळ' आणि 'युद्धपातळीवर' हे शब्द तुम्ही आमच्या मसुद्यांतून लाल पेनाने खोडायचात. "युद्ध कुठे चाललंय?" असं वर विचारायचात.

यातलं खरं मोल कळलं ते रस्त्याच्या प्रकरणात. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण असा रस्ता महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात आहे.

दर काही वर्षांनी आमच्या मुख्य रस्त्याचं डांबरीकरण व्हायचं. जुना थर तसाच, त्यावर नवा थर. रस्ता गुळगुळीत दिसायचा, लोक खूश. पण प्रत्येक थराबरोबर रस्ता वर येत गेला आणि बैठ्या घरांची जोती जागच्या जागी राहिली. पावसाळी गटारांच्या झाकणांवरही डांबर बसलं. मग पावसाचं पाणी जाणार कुठे? ते फाटकातून अंगणात आणि अंगणातून स्वयंपाकघरात. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना हा प्रश्नच वाटत नव्हता, आणि सभेत आवाज त्यांचाच मोठा.

तुम्ही आधी भांडण बंद करायला लावलंत आणि गवंड्याला बोलावलंत. त्याच्याकडची पाण्याची पारदर्शक नळी, जिच्यावर भिंतींची लेव्हल काढतात ती, घेऊन प्रत्येक बैठ्या घराचं जोतं आणि समोरचा रस्ता यांतला फरक मोजायला लावलात. वहीत घर क्रमांक, फरक सेंटिमीटरमध्ये, शेजारी घरमालकाची सही. काही घरांपुढे रस्ता जोत्याच्या चांगला वीतभर वर निघाला. तो तक्ता पाहिल्यावर वरच्या मजल्यावरची मंडळी गप्प झाली. खरं तर पत्र जाण्याआधी तुम्ही आमच्यातलंच एक भांडण त्या तक्त्याने मिटवलं होतं.

त्यानंतर माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा आम्हाला माहीत होता, सगळ्यांना असतो. वापरायचा कसा, ते तुम्ही दाखवलंत. संघाच्या लेटरहेडवर लिहिलेला अर्ज तुम्ही बाजूला सारलात, कारण कायदा माहितीचा हक्क नागरिकाला देतो, संस्थेला नाही. अर्ज माणसाच्या नावाने हवा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे विषय एक आणि शब्द दीडशेच्या आत, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दीडशे शब्दांत मावेना म्हणून आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक चिडले होते, आठवतं? तुम्ही त्यांच्याच हातात पेन दिलंत. त्यांनी केलेला अर्ज शंभराच्या आत आला.

आणि मागितलं काय? 'रस्ता खराब का केला' हे नाही. 'का' विचारलं तर उत्तर येत नाही, कागद मागितला तर कागद येतो, हे तुमचं सूत्र. म्हणून कामाचं पूर्वगणनपत्रक (कोणकोणती कामं आणि किती खर्च, याची आधी केलेली यादी), कार्यादेश (काम सुरू करण्याचा हुकूम), मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं नोंदवतात त्या वहीच्या) त्या कामाच्या पानांच्या प्रती आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, किती, एवढंच. कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे. प्रती मुदतीत मिळाल्या.

कागद आल्यावर सगळ्यांची थोडी पंचाईत झाली. आम्ही ठेकेदाराला चोर ठरवून बसलो होतो आणि पूर्वगणनपत्रकात जुना थर खरवडण्याची बाबच नव्हती. ठेकेदाराने कागदावर होतं तेच काम केलं होतं. ज्या बाबीचे पैसे धरलेलेच नाहीत ती कोण करणार? चूक रस्त्यावर नव्हती, रस्त्याच्या कितीतरी महिने आधी टंकलेल्या एका यादीत होती. माझ्या मते संघाच्या सगळ्या वाटचालीत याहून महत्त्वाचा शोध लागलेला नाही. डांबराची गाडी आल्यावर रस्त्यात आडवं उभं राहून काही होत नाही. निविदा निघण्याआधी, पूर्वगणनपत्रकात बाब शिरण्याच्या वेळेला तिथे असावं लागतं.

म्हणून मग दिवाळीच्या आत पत्र. विषय एक: पुढील डांबरीकरणाच्या पूर्वगणनपत्रकात जुना थर खरवडणे आणि झाकणं नव्या पातळीला घेणे या बाबी समाविष्ट करणेबाबत. सोबत जोत्यांचा तक्ता. उपअभियंता स्वतः येऊन बघून गेले आणि तक्त्याची एक प्रत त्यांनी आपल्यासाठी मागून घेतली. पुढच्या खेपेला यंत्राने रस्ता खरवडला गेला, झाकणं वर आली. सगळं सुरळीत झालं असं मात्र म्हणणार नाही. शाळेच्या कोपऱ्यावर अजून पाणी तुंबतं, तिथे उतारच उलटा आहे.

काम झाल्यावर तुम्ही म्हणालात, आता आभाराचं पत्र द्या, आणि त्याचीही पोच घ्या. आम्ही हसलो. तुम्ही हसला नाहीत. अख्ख्या नोकरीत आवक नोंदवहीत तक्रारी, स्मरणपत्रं, नोटिसा चढवून हात दुखला, आभाराचं पत्र मात्र क्वचितच आलं, असं म्हणालात. अभियंत्यांच्या कार्यालयात ते पत्र अजून टेबलाच्या काचेखाली आहे.

माहिती अधिकाराने लोकांना धमकावणारे, अर्ज मागे घेण्याचे पैसे मागणारे महाभाग सगळीकडे आहेत आणि त्यांच्यामुळे चांगल्या अर्जदाराकडेही संशयाने पाहिलं जातं. तुम्ही रागाच्या भरातला एकही अर्ज जाऊ दिला नाहीत. तेव्हा आमच्यातल्या काहींना ते मवाळपणाचं वाटायचं. मला अजिबात वाटत नाही.

मंडळाच्या मुलांचं प्रकरण तुम्ही कागदाविना सोडवलंत, ही आणखी एक गंमत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे, निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे सगळं तुम्हाला पाठ होतं. तरी पत्र लिहिलं नाहीत. मांडवात जाऊन बसलात, प्रसाद घेतलात आणि कर्ण्याचं तोंड कुठे आहे ते विचारलंत. ते होतं नेमकं त्या खोलीकडे जिथे एक आजोबा अंथरुणाला खिळलेले होते. मुलांना हे ठाऊकच नव्हतं. कर्णे त्याच संध्याकाळी मैदानाकडे वळले. आज जोत्यांची मापं घेणारी, नाल्याचे फोटो तारखेनिशी ठेवणारी मुलं हीच आहेत. संघाच्या सभेला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, कारण संघ 'ज्येष्ठांचा' होता.

भाडेकरूंनाही बोलावत नव्हते. आणि रोज सकाळी दारात येऊन कचरा नेणाऱ्या बायकांना तर नाहीच. २०१६ च्या घनकचरा नियमांची चर्चा चालली होती. ओला, सुका, घरगुती घातक असं वर्गीकरण, सॅनिटरी पॅड वेगळं गुंडाळून देणं वगैरे. तुम्ही विचारलंत, हे ज्यांच्या हातात पडतं त्या कुठे आहेत? पुढच्या सभेला दोघी आल्या. संकोचून दाराशी उभ्या राहिल्या, तर तुम्ही आपल्या शेजारी खुर्ची ओढलीत. फुटक्या काचेने हात कसे कापतात हे त्यांनी दाखवलं, बोलल्या फार नाहीत. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून या कष्टकऱ्यांची संघटना म्हणून उभी आहे आणि २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था दारोदार कचरा उचलते, हे तुम्ही त्या दिवशी सांगितलंत. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात आपली गल्ली आपण सांभाळायला घेतली आणि त्यातून महापालिकेची एएलएम (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) योजना उभी राहिली, हेही त्याच सभेत. तुमचं म्हणणं साधं होतं: आपण काही जगावेगळं करत नाही, तेव्हा फुशारकी नको आणि भीतीही नको.

क्षेत्रसभेबद्दल, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागाच्या मतदारांच्या सभेबद्दल, मात्र तुमच्या-माझ्यात मतभेद राहिला आणि तो राहू दे. १९९३ मध्ये शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली, महाराष्ट्रात क्षेत्रसभेची तरतूदही २००९ मध्ये कायद्यात आली. गावात ग्रामसभा भरते, शहरात क्षेत्रसभा भरल्याचं किती जणांनी पाहिलंय? तुम्ही म्हणता, कायद्यात आहे ना, मग मागत राहा. मला वाटतं, नगरसेवकांना नको असलेली सभा नुसत्या पत्रांनी भरणार नाही. पुण्यासारखं नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवायचं, जे तिथे २००६-०७ पासून सुरू झालं, ते आमच्याकडे आलं तर मी अर्धी जिंकले असं समजेन.

कुत्र्यांचं, झाडांच्या फांद्यांचं, पार्किंगचं लिहीत बसत नाही. कुत्र्यांना स्वतः घाबरत असूनही त्यांना खायला घालण्याची जागा आणि वेळ तुम्हीच ठरवून दिलीत, एवढं नोंदवून ठेवते. पार्किंग सुटलेलं नाही. ते तुम्हालाही सुटलं नव्हतं.

तुमची आवक-जावक वही आता मंडळातला एक मुलगा सांभाळतो. अक्षर भयंकर आहे, पण एकही पोच हरवलेली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो वही घेऊन बसतो आणि ज्या पत्राला उत्तर नाही त्याचं स्मरणपत्र तिथेच लिहून होतं. भाडेकरूंपैकी एक ताई यंदा कार्यकारिणीत आहेत. खरवडण्याच्या पत्राचा नमुना पलीकडच्या दोन वसाहतींनी नेला, त्यातल्या एकीने तर आपल्या वसाहतीचं नाव बदलायचंही विसरून तसाच दिला म्हणे. तो आमच्या नावाने आलेला दिसल्यावर उपअभियंत्यांचा फोन आला.

शाळेच्या कोपऱ्यावरच्या उलट्या उताराबाबतच्या पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. मी लिहिलाय, म्हणजे लांब झाला असणार. लाल पेनाने कापून पाठवा. दिवाळीच्या आत द्यायचा आहे, तेव्हा लेकीला सांगून फोटो काढून पाठवलात तरी चालेल.

सर्व रहिवाशांतर्फे मनापासून आभार. लेकीला आशीर्वाद, नातीला पापा.

आपली,
सचिव, रहिवासी संघ
(कार्यकारिणीच्या संमतीने)