रानगाजर: उपटण्याआधी देठ पाहा

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला रानगाजरावरचा लेख वाचला. युरोप-अमेरिकेत रस्त्याकडेला आणि पडीक रानात माजणारी ही वनस्पती म्हणजे आपल्या बाजारातल्या गाजराचीच प्रजाती (डॉकस कॅरोटा), हे लेखात बरोबर आहे. पण ‘गाजराचा वास आला की खुशाल खावे’ हा सल्ला धोक्याचा आहे. तिकडे राहणारे मराठी वाचक तो मनावर घेतील, म्हणून लिहितो आहे.

खरी अडचण अशी की मूळ खाण्याजोगे असते पहिल्या वर्षी, आणि ओळखीच्या ठळक खुणा दिसतात दुसऱ्या वर्षी, फुलोरा आल्यावर. तोवर मुळाचे लाकूड झालेले असते. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुपका तेवढा असतो आणि विषारी हेमलॉकचा झुपकाही जवळपास तसाच दिसतो. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला दिले गेले ते हेच विष. त्यातल्या कोनाईन या विषारी द्रव्यावर उतारा नाही. श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. मूळ शिजवल्याने ते सुरक्षित होत नाही.

म्हणून आधी देठ पाहावा. रानगाजराच्या देठावर बारीक लव असते. हेमलॉकचा देठ गुळगुळीत व पोकळ असतो आणि त्यावर बहुधा जांभळे ठिपके दिसतात. पण ठिपके नाहीत म्हणजे हेमलॉक नाही, असे मात्र समजू नये. पान चुरडले तर हेमलॉकला उंदराच्या मुतासारखी घाण येते. वास ही दुय्यम खूण, कारण दोन-चार गाजरे उपटल्यावर हातालाच गाजराचा वास लागतो. दोन्ही झाडे एकाच ताटव्यात उगवतात, तेव्हा पहिले तपासले म्हणून बाकीची उपटून पिशवीत भरू नयेत. प्रत्येक रोप वेगळे पाहावे, शंका आली तर टाकून द्यावे.

एवढे करून हाती येते ते करंगळीएवढे पांढरट, चिवट मूळ. शरद ऋतूत किंवा वसंताच्या सुरुवातीला, दांडा वर येण्याआधी खणावे, १५-२० मिनिटे उकडावे आणि मधला दोरासारखा गाभा काढून टाकावा. चवीला बाजारचे गाजर केव्हाही सरस.

फुलोऱ्याची भजी त्यापेक्षा चांगली, कारण त्या वेळी सगळ्या खुणा समोर असतात: लव असलेला हिरवा दांडा, फुलोऱ्याखाली फाटे फुटलेल्या लांब पानांची झालर, पुष्कळदा मधोमध एकच गडद लालसर फूल, आणि बी धरताना पक्ष्याच्या घरट्यासारखा आत मिटणारा फुलोरा. हेमलॉकच्या फुलोऱ्याखालची पाने आखूड आणि साधी असतात, झाड पुरुषभर उंची ओलांडते. फुले तोडताना हातमोजे घालावेत. चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर फोड येऊ शकतात. तणनाशक मारलेल्या रस्त्याकडेचे काहीच घेऊ नये.

चुकून भलतेच पोटात गेले तर उलटी काढण्याच्या मागे न लागता झाडाचा तुकडा बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. अमेरिकेत विषबाधेसाठी १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक आहे.

राहिले बी. लेखात त्याचा काढा ‘स्त्रियांसाठी उत्तम’ म्हटला आहे. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने ते पाळी आणणारे म्हणून नोंदवले आहे, आणि गर्भ राहू नये म्हणूनही ते वापरले गेले. नेमक्या याच कारणाने गर्भवतीने किंवा मूल हवे असणाऱ्या बाईने ते घेऊ नये. उलट गर्भनिरोधक म्हणून त्यावर विसंबावे इतका पुरावाही नाही. आणि इकडच्या कोणी काढ्यासाठी कृषी सेवा केंद्रातून गाजराचे बी आणू नये. पेरणीच्या बियाण्याला पुष्कळदा बुरशीनाशक चोळलेले असते आणि ते धुऊन जात नाही.

आपला,
एक वाचक