आंबट गोळ्यांनी कोरड जाते, दातही जातात

महोदय,

श्योग्रेनसारख्या (शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या ग्रंथींवर उलटते अशा) आजारात किंवा डोक्या-मानेच्या रेडिएशननंतर लाळ आटली की कीड हिरडीलगत, उघड्या पडलेल्या मुळांवर, अगदी पुढच्या दातांच्या कडांवरही धरते. आम्ल निष्प्रभ करणारी लाळच उरलेली नसते. अशा वेळी कोरड घालवायला आंबट गोळ्या चघळणं म्हणजे आगीत तेल! त्यापेक्षा झायलिटॉलचं (दात न किडवणाऱ्या गोडव्याचं) बिनसाखरेचं च्युइंगगम बरं. साध्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइड साधारण १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असतं. या रुग्णांसाठी दंतवैद्य ५००० पीपीएमची लिहून देऊ शकतात. रात्री ब्रश केल्यावर फेस नुसता थुंकावा. चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. माउथवॉश बिनअल्कोहोलचाच घ्यावा. कवळी रात्री काढून ठेवावी, कोरड्या तोंडात तिच्याखाली बुरशी लवकर वाढते. तपासणी मात्र दर तीन-चार महिन्यांनी हवीच.

– एक दंतवैद्य